शिकारी नेमबाजी व तिचे प्रशिक्षण

रायफलीच्या पहिल्याच गोळीने जनावर जागीच पडेल, ते जखमी होऊन निसटणार नाही आणि चुकलेली अथवा आरपार गेलेली गोळी इतर कोणास इजा करणार नाही, अशा रीतीने वेध घेण्याच्या कौशल्यास शिकारी नेमबाजी म्हणतात. क्रीडाप्रकार म्हणून खेळल्या जाणाऱ्या नेमबाजीत लक्ष्याचा आकार, त्याचे अंतर व त्यावरील प्रकाश ही सर्व ठरलेली असतात आणि चुकीचे मोजमाप गुणांत होते. शिकारीत यांपैकी काहीच ठरलेले नसते. चुकीचे परिणाम प्रथम जनावराला आणि पुष्कळदा माणसालाही भोगावे लागतात. महाराष्ट्रात हौसेची शिकार आता कायद्याने बंद आहे. तथापि पिकांची नासधूस करणाऱ्या रानडुकरांना व रोह्यांना (नीलगायींना) लेखी परवानगीने मारण्याची तरतूद असल्याने शिकारी नेमबाजी शिकण्याचा प्रश्न मात्र शिल्लक राहिलेला आहे.

पूर्वी हे शिक्षण देणारी शाळा नव्हती. फासेपारधी आदी जमातींचे कसब फास, जाळी व माग काढणे यांत होते. बंदुकीशी त्याचा संबंध नव्हता. कोल्हापूरसारख्या संस्थानांत शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होई, तीही बंदुकीविनाच. बंदूक प्रामुख्याने संस्थानिक, जहागीरदार, लष्करी व वन अधिकारी यांच्या हाती होती. मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील सहावे निजाम मीर महबूब अली खान यांची वाघांचे शिकारी म्हणून ख्याती होती. सामान्य नवशिका जाणत्या शिकाऱ्याबरोबर हिंडून शिके : आधी छर्ऱ्याची हवाई बंदूक, मग .२२ बोअरची रायफल, नंतर दुनळी आणि सरतेशेवटी मोठी रायफल. या उमेदवारीत नेमाइतकेच महत्त्व बार न काढण्याला असे. कित्येक दिवस नवशिक्याच्या हाती काडतूसच दिले जात नसे. ही पद्धत लेखी नव्हती, पण तिच्यात शिस्त होती. शिकार बंद झाली तशी ती शिस्तही मोडली, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

तत्कालीन मुंबई राज्यात वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा १९५१ मध्ये झाला. त्यानंतर केंद्राचा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला. त्यातही प्रारंभी शिकारीच्या परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. आता अधिनियमाच्या अकराव्या कलमान्वये, मनुष्यास किंवा उभ्या पिकासह मालमत्तेस धोका निर्माण करणारा प्राणी मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर व रोही हे दुसऱ्या अनुसूचीत आहेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने केवळ पिकाच्या नुकसानीसाठी त्याच्याबाबत अशी परवानगी मिळत नाही. परवानगीने मारलेले जनावर शासनाच्या मालकीचे असते. त्याचे मांस वा कातडे शिकाऱ्याला घेता येत नाही.

या तरतुदीचा प्रत्यक्ष अर्थ लातूर तालुक्यातील मुरुडसारख्या गावाच्या शिवारात उभे राहिले म्हणजे कळतो. लातूर–बार्शी मार्गावरील हे गाव (रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा वेगळे) काळ्या जमिनीच्या पठारी मुलखात आहे. लातूर जिल्ह्यात वनक्षेत्र अत्यल्प आहे. रोही आणि रानडुकरे दिवसा ओढ्याकाठच्या झुडपांत व उसाच्या फडात दडतात आणि रात्री सोयाबीन, तूर, हरभरा व ज्वारी यांत उतरतात. शेतकरी गोफण, डबे, फटाके यांच्या साहाय्याने जागल करतात. परवानगी मिळाली, तरी तिचा वापर करणारा माणूस बहुधा अंधारात, बॅटरीच्या उजेडात, सपाट जमिनीवर बार काढणार असतो. आणि त्याच वेळी शेजारच्या शेतात कृषिपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली म्हणून कोणीतरी पाणी देत असतो. नेमबाजीचे शिक्षण हा येथे छंदाचा भाग राहत नाही.

तंत्र : रायफलीच्या नळीत आतून कोरलेल्या सर्पिल खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व त्यामुळे तिची दिशा स्थिर राहते. बारा बोअरच्या दुनळीची नळी गुळगुळीत असते. तिच्यातील छर्रे पसरत जातात आणि मोठ्या छर्ऱ्यांचाही भरवशाचा पल्ला सु. ३५ ते ४० मी.च असतो. गावाकडे परवान्याची म्हणून जी शस्त्रे आढळतात त्यांत दुनळी, एकनळी व ठासणीच्या बंदुका अधिक. त्यांनी दूरवरच्या रोह्यावर बार काढणे म्हणजे त्याला जखमी करण्याची जवळजवळ खात्रीच होय. परवान्यावर मिळू शकणारी, ईशापूर येथील शासकीय कारखान्यात तयार होणारी .३१५ बोअरची रायफल या कामास पुरेशी आहे, पण तिच्यासाठी आधी हात तयार असावा लागतो.

हात तयार होण्याची सुरुवात शरीर स्थिर ठेवण्यापासून होते. निजून, गुडघ्यावर बसून व उभे राहून अशा तीन पवित्र्यांपैकी निजलेला पवित्रा सर्वांत स्थिर आणि उभा सर्वांत डळमळीत असतो. रायफलीचे वजन स्नायूंनी न पेलता हाडांच्या आधारावर टेकवावे, दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट बसवावा व गाल दस्त्यावर प्रत्येक वेळी त्याच जागी टेकवावा, असे शिकवितात. मागील दर्शकाची खाच, नळीच्या टोकावरील माशी आणि लक्ष्य ही तीनही एकाच वेळी डोळ्यास स्पष्ट दिसू शकत नाहीत. माशी स्पष्ट दिसावी व लक्ष्य किंचित अंधुक राहावे, हा नियम नवशिक्यास विपरीत वाटतो, परंतु तोच बरोबर आहे. श्वास अर्धा सोडून रोखल्यावर काही सेकंदांत बार व्हावा. त्याहून अधिक वेळ लागल्यास नेम सोडून पुन्हा श्वास घ्यावा.

सर्वांत अवघड भाग चाप ओढण्याचा. बंदुकीचा आवाज व खांद्याला बसणारा धक्का यांच्या धास्तीने नवशिका बार होण्यापूर्वीच अंग आखडतो, डोळे मिटतो आणि गोळी खाली जाते. हा दोष स्वतःला कळत नाही. म्हणून शिक्षक खऱ्या काडतुसांत एखादे निकामी काडतूस न सांगता मिसळून ठेवतो. बार न होता नळी खाली झुकली, की दोष उघड होतो. याच कारणाने शिक्षणाची सुरुवात धक्का जवळजवळ नसलेल्या हवाई किंवा .२२ रायफलीने करणे इष्ट. प्रारंभीच मोठी रायफल हाताळून लागलेली खोड मोडण्यास पुढे फार काळ लागतो.

गोळी सरळ रेषेत जाते, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. नळीतून बाहेर पडल्याबरोबर ती गुरुत्वाकर्षणाने खाली येऊ लागते. सेकंदास सु. ३३० मी. वेगाने सुटलेली .२२ ची गोळी १०० मी. अंतरावर नळीच्या रेषेखाली सु. ४५ सेंमी. उतरते, तिच्या जवळजवळ दुप्पट वेगाच्या गोळीस हेच उतरणे सु. १५ सेंमी. भरते. दर्शक ठराविक अंतराला जुळवून हा फरक भरून काढतात. त्यासाठी एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या चार-पाच गोळ्यांचा पुंजका (छात्रसैनिकांच्या भाषेत ‘ग्रुप’) कोठे व किती आटोपशीर पडतो हे पाहतात. रानडुकराचे हृदय व फुप्फुसे मिळून पुढील पायामागे जेमतेम वीतभर जागा होते. ज्या अंतरावर शिकाऱ्याचा ग्रुप त्या वितीत नेहमी बसतो, ते त्याचे अंतर. त्यापलीकडचे जनावर, कितीही मोठे दिसले, तरी त्याचे नव्हे. अंतर पावलांनी मोजलेल्या खुणांवरून आधीच निश्चित करावे. अंधारात डोळ्यांचा अंदाज फसतो.

क्षेत्रशिस्त : .२२ ची लहानशी गोळीही एक किमी.हून दूर जाऊ शकते आणि मोठ्या रायफलीची गोळी त्याच्या कितीतरी पलीकडे. म्हणून लक्ष्याच्या मागे काय आहे, हा प्रश्न लक्ष्याच्या आधी येतो. डोंगराळ भागात उतार गोळी अडवितो. मुरुडच्या सपाट शिवारात बांध बुटके असतात, पिकाचा पडदा गोळी अडवीत नाही आणि विहिरीच्या काठावरील दगडावर आपटून ती भलतीकडे वळते. अशा ठिकाणी माळ्यावरून किंवा मचाणावरून खालच्या दिशेने बार काढावा, म्हणजे जमीन हाच आडोसा होतो. बॅटरीच्या झोतात चमकलेल्या डोळ्यांवर नेम धरणे वर्ज्य मानावे. रोह्याचे, वासराचे व कुत्र्याचे डोळे सारखेच चमकतात. जनावर पूर्ण ओळखू येईपर्यंत बोट चापाबाहेर असावे. जखमी जनावर शोधून त्याचा शेवट करणे हे शिकाऱ्याचे कर्तव्यच असून, जखमी रानडुक्कर उलटून हल्ला करीत असल्याने ते एकट्याने करू नये. यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरात टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ रोजी रात्री मारली गेली, त्यानंतरच्या वादातही गोळी लागली की नाही हा प्रश्न नव्हता. ती कोणी, केव्हा व कोणत्या परिस्थितीत झाडली, हा होता.

शिक्षणाच्या सोयी : शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. शस्त्र नियम २०१६ यांनी अर्जदारास सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण व त्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले. हे पाऊल योग्यच, परंतु बंदूक सुरक्षित हाताळता येणे व जनावर एका गोळीत पाडता येणे यांत बरेच अंतर आहे.

मराठवाड्यातील तरुणाला खरी रायफल हाती घेण्याची पहिली संधी बहुधा राष्ट्रीय छात्रसेनेत मिळते. तेथे .२२ रायफलीने निजून गोळीबार शिकवितात. ऑलिंपिकमध्ये २००० साली अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवत यांची सुरुवातही छात्रसेनेतूनच झाली. त्यापुढची पायरी म्हणजे रायफल क्लब. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय स्पर्धेआधीची मावळंकर स्पर्धा त्यांच्याच नावाची. महाराष्ट्रात मुंबईतील वरळी येथे आणि पुण्याजवळ बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात नेमबाजीची केंद्रे आहेत. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये जागतिक विजेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्यपदक पटकाविले. ग्रामीण मुलाला हे शिक्षण अप्राप्य नाही, एवढे यावरून दिसते. मुरुडकराला मात्र त्यासाठी लांबचा प्रवास व बराच खर्च करावा लागतो.

क्लबात श्वास, चाप व माशी यांचे शिक्षण उत्तम मिळते. अंतराचा अंदाज, अंधार, हलते जनावर व मागचा आडोसा यांचे मिळत नाही. धावत्या रानडुकराच्या चित्रावरील नेमबाजी १९७२ ते १९८८ या काळात ऑलिंपिकमध्ये होती, परंतु हलत्या लक्ष्याचा हा प्रकार २००४ नंतर तेथून वगळला गेला. फिनलंडमध्ये हरिणवर्गीय मोठ्या प्राण्यांच्या व अस्वलाच्या शिकारीपूर्वी ७५ मी. अंतरावरील २३ सेंमी. व्यासाच्या वर्तुळात चार गोळ्या बसवून दाखवाव्या लागतात. नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकाऱ्याला अशी परीक्षा दरवर्षी द्यावी लागते. भारतीय अधिनियमाच्या अकराव्या कलमात परवानगीसाठी नेमबाजीच्या परीक्षेची अट नाही. कागदी लक्ष्य, मातीचा उंच बांध व जाणता शिक्षक यांपलीकडे अशा परीक्षेला फारसे साहित्य लागत नाही, आणि वन विभागाला ती तालुक्याच्या ठिकाणीही घेता येण्याजोगी आहे.