हाक मारली तरी न वळणारं लेकरू

आमच्या गटातली एक ताई सलग चार बैठकांना आली नाही. आम्ही नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड लावला. पुढं घरी गेलो तेव्हा कळलं. तीन वर्षांचं लेकरू हाक मारली तरी वळत नाही, कुकरची शिट्टी झाली की कान दाबून ओरडतं, आणि घरचे म्हणतात, हिनंच लाडानं बिघडवलं. दंड परत केला, पण लाज अजून वाटते.

याला स्वमग्नता म्हणतात, डॉक्टर ऑटिझम म्हणतात. यात मेंदूची वाढ मुळातच वेगळी होते. ही बाहेरची बाधा नाही, लसीमुळं होत नाही, आणि आईच्या वागण्यानं तर नाहीच. आईला दोष फक्त आपल्याकडंच देतात असं नाही. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा मुलांविषयी सविस्तर लिहिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं तिकडचे शिकलेले लोकही म्हणत, आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं. इकडं लाड जास्त, तिकडं माया कमी, बोट आईकडंच! १९६४ साली बर्नार्ड रिमलँड यांनी पुस्तक लिहून ते खोडून काढलं. ते स्वतः अशाच मुलाचे वडील होते.

वर्षाचं लेकरू नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, दीड वर्षाचं बोटानं काही दाखवत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर 'पोरगं आहे, उशिरा बोलंल' म्हणून थांबू नका. अंगणवाडीत तपासणीचं पथक येतं, त्यांना दाखवा. नवस बोलायचा तर बोला, पण तपासणी आधी. गोळीनं हे जात नाही. बोलण्याचे, हातांचे सराव लवकर सुरू केले तर फरक पडतो. घरीही जमतं: तांब्याचं चित्र दाखवलं की पाणी, ताटाचं दाखवलं की जेवण.

२०१६ च्या कायद्यात स्वमग्नता दिव्यांगत्वात धरली आहे. प्रमाणपत्र काढून ठेवा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही धरतात.

आमच्या गटानं शेळीसाठी देतो तसंच दवाखान्याच्या फेऱ्यांसाठी कर्ज द्यायचं ठरवलं. एकीनं विरोध केला, फेडणार कशी म्हणून. तिचंही खोटं नव्हतं. हप्ता लहान ठेवला.

ताई आता लेकराला घेऊन बैठकीला येते. बाहेर हलगी वाजली की आम्ही दार लावून घेतो.