हिमनदी ते कृष्णराजसागर : उपग्रह-प्रतिमांतून पाण्याचा हिशेब

म्हैसूरजवळ कावेरी नदीवरील कृष्णराजसागर धरणाची पूर्ण पातळी १२४.८० फूट आहे. २०२३ मध्ये मान्सून अपुरा पडला आणि धरण भरले नाही. कावेरी कोडगू जिल्ह्यातील तलकावेरी येथे उगम पावते. तिच्या खोऱ्यात बर्फाचा साठा नाही. त्यामुळे पाऊस चुकला की मंड्या-म्हैसूर पट्ट्यातील भात व ऊस थेट अडचणीत येतात. सिंधू, गंगा व ब्रह्मपुत्रा यांना उन्हाळ्यात वितळत्या बर्फाचा आधार मिळतो. परंतु तो साठाही घटत आहे. हे दोन्ही बदल उपग्रह-प्रतिमांवरून मोजता येतात आणि त्यामागील गणित एकच आहे.

मोजणीचे तत्त्व

बर्फ आणि पाणी हिरवा प्रकाश तुलनेने अधिक परावर्तित करतात, तर लघुतरंग अवरक्त किरण बहुतांशी शोषून घेतात. या दोन पट्ट्यांतील नोंदींच्या वजाबाकीस त्यांच्या बेरजेने भागले असता उणे १ ते अधिक १ या मर्यादेतील निर्देशांक मिळतो. सर्वसाधारणपणे ०.४ पेक्षा अधिक मूल्य बर्फ दर्शवते. पाण्यासाठीही हेच सूत्र वापरतात. तेथे शून्याहून अधिक मूल्य पाणी मानले जाते.

हिमनदीची सीमा आखताना उन्हाळ्याच्या अखेरच्या प्रतिमा निवडतात. अन्यथा हंगामी बर्फ हिमनदीत मोजला जातो. दगडमातीने झाकलेला बर्फ या सूत्राने ओळखता येत नाही. कायम गोठलेली जमीनही वरून दिसत नाही. म्हणून दोन तारखांच्या रडार-प्रतिमांची तुलना करून जमीन किती खचली, यावरून तिच्या वितळण्याचा अंदाज बांधतात.

हिमालयातील नोंद

इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या विश्लेषणानुसार, २०१६-१७ मध्ये ओळखलेल्या १० हेक्टरहून मोठ्या २,४३१ सरोवरांपैकी ६७६ सरोवरे १९८४ पासून लक्षणीय विस्तारली आहेत. त्यांपैकी १३० भारतात आहेत. हिमाचल प्रदेशातील गेपांग घाट सरोवर १९८९ मध्ये ३६.४९ हेक्टर होते. २०२२ मध्ये ते १०१.३० हेक्टर झाले. अशी सरोवरे फुटल्यास काय होते, हे ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवराच्या पुराने दाखवले. त्या पुरात चुंगथांग येथील धरण वाहून गेले.

गावतलावासाठी उपयोग

सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमा सुमारे पाच दिवसांनी विनामूल्य उपलब्ध होतात. त्यांतील लघुतरंग अवरक्त पट्ट्याचा प्रतिमाबिंदू २० मीटरचा असल्याने एक हेक्टर तलाव सुमारे २५ बिंदूंत मावतो. याहून फार लहान शेततळ्यांसाठी ही पद्धत भरवशाची नाही. पावसाळ्यात ढगांमुळे अडथळा आल्यास सेंटिनेल-१ ची रडार-प्रतिमा पाहावी. तीत शांत पाणी काळे दिसते.

तुलना करताना दरवर्षी एकाच पंधरवड्यातील प्रतिमा घ्याव्यात. जलपर्णीखालचे पाणी निसटते, हे ध्यानात ठेवावे. मुख्य म्हणजे प्रतिमा पाण्याचा विस्तार सांगते, खोली नव्हे. गाळ साचलेल्या तलावात विस्तार तोच राहूनही साठा कमी असतो. म्हणून विस्ताराची आकडेवारी प्रत्यक्ष पातळीच्या नोंदीशी जुळवूनच रब्बी व उन्हाळी पिकांचा सल्ला द्यावा. कावेरी असो वा कृष्णा, पावसावर चालणाऱ्या खोऱ्यात ऑक्टोबरअखेरचा साठा हीच पुढील आठ महिन्यांची शिदोरी असते.