आयोडीन प्रतिबंधक औषधयोजना

अणुविक्रियकाच्या अपघातात बाहेर पडणारे किरणोत्सर्गी आयोडीन अवटू ग्रंथीत (थायरॉइडमध्ये) साठू नये, म्हणून साधे आयोडीन आगाऊ देण्याची पद्धत. यासाठी मुख्यत्वे पोटॅशियम आयोडाइड वापरतात.

अवटू ग्रंथी रक्तातील आयोडीन शोषून घेते. ते किरणोत्सर्गी आहे की नाही, हा भेद तिला करता येत नाही. ती साध्या आयोडिनाने आधीच भरली, तर नंतर आलेले आयोडीन–१३१ (अर्धायुष्य सुमारे ८ दिवस) बव्हंशी मूत्रावाटे निघून जाते. म्हणून येथे मात्रेइतकेच वेळेला महत्त्व आहे. संसर्गापूर्वीचे २४ तास ते संसर्ग सुरू झाल्यानंतरचे २ तास हा उत्तम काळ होय. ८ तासांपर्यंत थोडाफार लाभ होतो. २४ तासांनंतर घेतलेले औषध ग्रंथीत शिरलेल्या किरणोत्सर्गी आयोडिनाला उलट अडकवून ठेवते. प्रौढांची मात्रा १३० मिग्रॅ. असून ३ ते १२ वर्षांच्या मुलांना ६५, त्याहून लहानांना ३२ आणि नवजात अर्भकांना १६ मिग्रॅ. देतात. मुले, गर्भवती व स्तनदा माता यांना अग्रक्रम असतो. चाळिशीनंतर लाभ कमी.

चेर्नोबिल अपघातानंतर (२६ एप्रिल १९८६) पोलंडमध्ये तीन दिवसांतच वाटप सुरू होऊन १ कोटीहून अधिक मुलांना आयोडीन देण्यात आले. अपघातस्थळाच्या आसपास मात्र मुले दूषित दूध पीत राहिली आणि पुढे त्यांच्यात अवटू ग्रंथीचा कर्करोग वाढला. दूध वेळीच बंद करणे हाही प्रतिबंधाचाच भाग आहे.

आयोडीनयुक्त मीठ हा पर्याय नव्हे. १ ग्रॅ. मिठात सुमारे १५ मायक्रोग्रॅ. आयोडीन धरल्यास प्रौढाच्या एका मात्रेसाठी साडेसहा किग्रॅ.हून अधिक मीठ खावे लागेल! तसेच सीझियम, कोबाल्ट किंवा बाहेरून येणारे गॅमा किरण यांवर या गोळीचा काहीही उपयोग नाही. तिला किरणोत्सर्गावरील उतारा म्हणणे चुकीचे ठरते.

महाराष्ट्रातील अणुवीज केंद्र तारापूर (जि. पालघर) येथे १९६९ पासून आहे. हिंगोली तेथून सरळ रेषेत सुमारे ४७० किमी. दूर असल्याने तेथे गोळ्यांपेक्षा दूध व भाजीपाल्याची तपासणी अधिक महत्त्वाची ठरेल. औंढा नागनाथजवळील दुधाळा येथील लायगो-इंडिया प्रकल्पात (मंजुरी २०२३) अणुऊर्जा विभागाचा सहभाग असला, तरी ती लेसरद्वारे गुरुत्वीय तरंग टिपणारी वेधशाळा आहे. तीत विक्रियक नाही आणि तिच्यासाठी या औषधाची गरजही नाही. अवटू ग्रंथीचे विकार असणाऱ्यांना या गोळ्या अपायकारक ठरू शकतात, म्हणून प्रशासनाची सूचना मिळाल्याशिवाय त्या घेऊ नयेत.