लघुउद्योगांच्या संकेतस्थळांवरील विभाजन चाचणी : उभारणी आणि मर्यादा

सारांश : संकेतस्थळाच्या दोन आवृत्त्या अभ्यागतांच्या दोन यादृच्छिक गटांना दाखवून कोणती अधिक परिणामकारक ठरते हे तपासण्याच्या पद्धतीस विभाजन चाचणी म्हणतात. मोठ्या कंपन्यांमध्ये रूढ झालेली ही पद्धत लघुउद्योगांनी अवलंबताना नमुन्याच्या आकाराकडे दुर्लक्ष होते आणि योगायोगालाच निष्कर्ष मानले जाते. प्रस्तुत लेखात या चाचणीचा उगम, उभारणी व मर्यादा यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : विभाजन चाचणी, यादृच्छिकीकरण, रूपांतर दर, नमुन्याचा आकार, सांख्यिकीय सार्थकता.

प्रस्तावना

संकेतस्थळ तयार करून घेणे ही आज लघुउद्योजकासाठी अवघड बाब राहिलेली नाही. खरा प्रश्न त्यानंतर उद्भवतो. मुखपृष्ठावर कोणते छायाचित्र असावे, दर प्रथम सांगावा की अखेरीस, बटणावर कोणते शब्द असावेत, यांसंबंधीचे निर्णय बहुधा मालकाच्या आवडीनुसार किंवा संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या सल्ल्यानुसार घेतले जातात. हे निर्णय ग्राहकाच्या प्रत्यक्ष वर्तनावर तपासून पाहण्याचे साधन म्हणजे विभाजन चाचणी होय. व्यवहारात ती 'स्प्लिट टेस्टिंग' किंवा 'ए/बी टेस्टिंग' या नावांनी ओळखली जाते.

संकल्पनेचा उगम

ही पद्धत संगणकयुगातील वाटली तरी तिचे मूळ शेतात आहे. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात काम करताना आर. ए. फिशर यांनी यादृच्छिकीकरणाचे तत्त्व विकसित केले आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी केली. कोणत्या वाफ्यास कोणते खत द्यावयाचे हे दैवगतीने ठरविल्यास जमिनीचा कस व ओलावा यांतील फरक दोन्ही बाजूंस सारखे विभागले जाण्याची शक्यता वाढते, हे त्यामागील सूत्र होय. भारतात व्ही. जी. पानसे व पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने या पद्धती कृषी संशोधकांपर्यंत पोहोचविल्या. जाहिरात व्यवसायात क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मध्येच निरनिराळ्या जाहिरातींना आलेली कुपने मोजून त्यांची तुलना करण्याचा आग्रह धरला होता. संकेतस्थळावरील चाचणीत वाफ्याच्या जागी अभ्यागत आला, इतकाच मूलभूत फरक आहे.

बराक ओबामा यांच्या २००८ च्या निवडणुकीसाठीच्या प्रचारमोहिमेतील चाचणी या संदर्भात वारंवार उद्धृत केली जाते. चार प्रकारची बटणे आणि सहा प्रकारची छायाचित्रे व चित्रफिती यांच्या २४ जोड्या सुमारे ३ लाख १० हजार अभ्यागतांवर तपासण्यात आल्या. कार्यकर्त्यांचा कल चित्रफितींकडे होता. प्रत्यक्षात सर्व चित्रफिती छायाचित्रांपेक्षा मागे पडल्या. कुटुंबाचे छायाचित्र आणि 'अधिक जाणून घ्या' या अर्थाचे बटण या जोडीने नोंदणीचा दर ८.२६ टक्क्यांवरून ११.६० टक्क्यांवर नेला. जाणकारांचा अंदाजही चुकू शकतो, हा यातील एक बोध. मात्र प्रत्येक जोडीच्या वाट्याला जवळजवळ १३ हजार अभ्यागत आले होते, हा दुसरा बोध सहसा सांगितला जात नाही.

चाचणीची उभारणी

उदाहरणादाखल, रत्नागिरीतून हापूस आंब्याच्या पेट्या थेट ग्राहकांस विकणारे एक कल्पित संकेतस्थळ घेऊ. मार्चमध्ये जुने पृष्ठ व एप्रिलमध्ये नवे पृष्ठ ठेवून विक्रीची तुलना केल्यास ती चाचणी ठरत नाही. एप्रिलमध्ये आवक वाढते, दर उतरतात, अक्षय्य तृतीयेची खरेदी होते. वाढलेल्या विक्रीचे श्रेय मात्र नव्या पृष्ठास मिळते. म्हणून दोन्ही आवृत्त्या एकाच काळात चालल्या पाहिजेत.

उभारणीचे टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील. प्रथम परिकल्पना लिहून काढावी, उदा. 'घरपोच खर्चासह एकूण दर आरंभीच दाखविल्यास मागणी नोंदविणाऱ्यांचे प्रमाण वाढेल.' नंतर यशाचे एकच माप निश्चित करावे. येथे रूपांतर दर, म्हणजे दर शंभर अभ्यागतांपैकी मागणी नोंदविणाऱ्यांची संख्या, हे माप होय. त्यानंतर प्रत्येक अभ्यागतास यादृच्छिक रीतीने एका गटात टाकून त्याची नोंद त्याच्या ब्राउझरमध्ये कुकीद्वारे ठेवावी, म्हणजे तो पुन्हा आला तरी त्यास तीच आवृत्ती दिसेल. चाचणी पूर्ण आठवड्यांच्या हिशेबाने चालवावी, कारण रविवारचा ग्राहक मंगळवारच्या ग्राहकासारखा वागतोच असे नाही.

प्रत्यक्ष चाचणीपूर्वी दोन्ही गटांस एकच पृष्ठ दाखवून यंत्रणा तपासणे हितावह असते. अनेक संकेतस्थळांवर पृष्ठाची साठवून ठेवलेली प्रत सर्वांना दिली जाते. अशा वेळी विभागणी केवळ कागदावर राहते. समान विभागणी अपेक्षित असताना गट ५,४०० आणि ५,००० असे पडले, तर तो योगायोग न मानता यंत्रणेतील दोष शोधावा. दोन आवृत्त्यांचे पत्ते वेगळे असल्यास शोधयंत्रांसाठी मूळ पृष्ठाचा निर्देश करावा आणि पुनर्निर्देशन तात्पुरत्या स्वरूपाचे ठेवावे. साधनाची निवडही विचारपूर्वक करावी. 'गूगल ऑप्टिमाइझ' ही लोकप्रिय सेवा सप्टेंबर २०२३ अखेर बंद झाली. साधने बदलतात, तत्त्वे टिकतात.

नमुन्याच्या आकाराचा प्रश्न

लघुउद्योगाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येथे आहे. पाच टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के सामर्थ्य गृहीत धरल्यास एक सोपा ठोकताळा वापरता येतो. दोन अपेक्षित दरांची सरासरी काढावी. एकातून ती वजा करून येणाऱ्या संख्येने तिला गुणावे. गुणाकारास १६ ने गुणून दोन दरांतील फरकाच्या वर्गाने भागावे. येणारी संख्या म्हणजे प्रत्येक गटासाठी आवश्यक अभ्यागत होत.

उपरोक्त संकेतस्थळावर रोज १०० अभ्यागत येतात आणि रूपांतर दर ३ टक्के आहे असे मानू. दर ६ टक्क्यांवर जाईल अशी अपेक्षा असल्यास प्रत्येक गटात सुमारे ७६५ अभ्यागत लागतात. चाचणी १६ दिवसांत पूर्ण होते. अपेक्षा ४ टक्क्यांची असल्यास प्रत्येक गटात ५,४०० अभ्यागत आणि १०८ दिवस लागतात. हापूसचा हंगाम मुख्यतः मार्च ते मे असा असतो. म्हणजे उत्तर मिळण्यापूर्वीच आंबा संपतो. अपेक्षा ३.३ टक्क्यांची असल्यास प्रत्येक गटात ५४ हजारांहून अधिक अभ्यागत लागतात आणि कालावधी तीन वर्षांच्या घरात जातो. बटणाचा रंग बदलून होणारा परिणाम या शेवटच्या प्रकारात मोडण्याचीच शक्यता अधिक.

या अडचणीतून दुसरी चूक जन्मास येते. चाचणी चालू असताना मालक रोज आकडे पाहतो आणि फरक सार्थक दिसताच चाचणी थांबवितो. आर्मिटेज व सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले की, वस्तुतः कोणताही फरक नसताना पाच टक्के पातळीवर समान अंतराने पाच वेळा तपासणी केल्यास चुकीचा निष्कर्ष निघण्याची शक्यता सुमारे १४ टक्के, तर दहा वेळा केल्यास सुमारे १९ टक्के होते. शिवाय अपुऱ्या नमुन्यात 'विजयी' ठरलेल्या आवृत्तीचा लाभ वास्तवाहून मोठा दिसतो. त्या भरवशावर वाढीव माल उचलणाऱ्या व्यावसायिकाचे नुकसान खरे असते.

उपाय

यावर तीन मार्ग संभवतात. पहिला, किरकोळ बदलांऐवजी ठळक बदल तपासणे; दराची मांडणी, घरपोच सेवेची हमी किंवा मागणी नोंदविण्याच्या पायऱ्या कमी करणे हे अशा चाचणीचे विषय होत. दुसरा, अधिक वेळा घडणारी आधीची कृती मोजणे. पेटी कार्टमध्ये टाकणाऱ्यांचे प्रमाण १० टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर जाते का, हे प्रत्येक गटातील सुमारे २,५५० अभ्यागतांत कळते. तेवढीच पावपट वाढ विक्रीवर मोजण्यास सुमारे ९,३०० लागतात. मात्र कार्ट भरली म्हणजे विक्री झाली असे नव्हे, हे भान ठेवावे लागते. तिसरा मार्ग म्हणजे चाचणीच न करणे. जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडल्याप्रमाणे, पाच व्यक्तींना संकेतस्थळ वापरताना निरखले तरी वापरातील बहुतेक अडचणी उघड होतात. ग्राहक कोठे अडखळतो हे शोधण्यास टक्केवारीची गरज नसते.

नैतिक बाजूही दुर्लक्षिता येत नाही. फेसबुकने २०१२ मध्ये ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या भावनांवर केलेला प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध होताच संमतीच्या प्रश्नावरून टीका झाली. भारतात २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने संमतीच्या प्रश्नास वैधानिक आधार दिला आहे. एकाच वेळी दोन ग्राहकांस एकाच पेटीचा भिन्न दर सांगणे हे तर व्यावसायिक विश्वासासही मारक ठरते.

निष्कर्ष

विभाजन चाचणी हे मतापेक्षा पुराव्यास महत्त्व देणारे साधन आहे. परंतु पुरावा पुरेसा असेल तरच. परिकल्पना, माप, नमुन्याचा आकार आणि समाप्तीची तारीख या चार बाबी चाचणीपूर्वी लेखी ठरविणे आणि तारीख येईपर्यंत निर्णय न घेणे, हा लघुउद्योजकासाठी किमान नियम होय. आवश्यक नमुना हंगामात मिळणार नसेल, तर चाचणी न करण्याचा निर्णय हाच शास्त्रीय निर्णय ठरतो. वाणिज्य, संख्याशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी परिसरातील एखाद्या व्यावसायिकासोबत हा प्रकल्प संयुक्तपणे हाती घेतल्यास, पाठ्यपुस्तकातील शून्य परिकल्पनेचा अर्थ विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष व्यवहारात अनुभवता येईल.