संत्र्याचा डोळा आणि खिशातला चाकू

घडीच्या चाकूविषयी लिहायचे म्हटले की लेखणी परदेशाकडे वळते. फ्रान्समधल्या साव्हॉचा ओपिनेल १८९० चा, स्विस सैनिकांचा चाकू १८९१ चा, आणि शेफील्डच्या कारागिरांचे चाकू तर त्याआधीच जगभर पोचलेले. आपल्याकडचे नाव निघालेच तर रामपुरीचे, तेही हिंदी सिनेमातल्या गुंडाच्या हातून. त्यामुळे खिशातला चाकू म्हणजे एकतर संग्राहकाची हौस, नाहीतर मारामारीचे हत्यार, हा समज पक्का झाला. मला तो पटत नाही. या चाकूची ओढ त्याच्या कामात आहे, आणि त्याचा धडधडीत पुरावा नागपुरी संत्र्याच्या रोपवाटिकांत मिळतो.

विदर्भाला पात्याचे अप्रूप नवे नाही. माहुरझरी, टाकळघाट-खापा इथल्या शिळावर्तुळांत लोखंडी सुऱ्या, कट्यारी, कुऱ्हाडी सापडल्या. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. हा सारा ऐवज इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला. पण ही पाती न मिटणारी. पाते मुठीत मिटवण्याची युक्ती युरोपात रोमन काळातही होती. आपल्याकडे ती रुळली शिवलेल्या खिशाबरोबर, असा माझा तर्क आहे. धोतराला खिसा नसतो. बिनखिशाच्या माणसाने बिजागरीचा उपयोग अडकित्त्यात केला आणि तो चंचीत ठेवला. बंडीला, मग सदऱ्याला खिसा आला तेव्हा घडीच्या चाकूला हक्काची जागा मिळाली.

संत्रे नागपुरात आणले ते रघुजीराजे भोसल्यांनी, अठराव्या शतकाच्या अखेरीस, औरंगाबादेहून, असे मानतात. आज कलमांसाठी नाव घेतले जाते ते वरूड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटचे. जंभेरीचा किंवा रंगपूर लिंबाचा खुंट, म्हणजे ज्यावर संत्र्याचे कलम बांधायचे ते रोप, पेन्सिलीएवढा जाड झाला की जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याला एक उभी आणि एक आडवी चीर देतात. चीर सालीपुरतीच हवी, आतल्या लाकडाला लागता कामा नये. मग संत्र्याच्या डोळकाडीवरचा डोळा, म्हणजे कोंब, ढालीच्या आकारात एकाच ओढीत सोडवायचा, चाकूच्या बोथट टोकाने खुंटाची साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा आणि पट्टीने घट्ट बांधायचा. हात मध्येच थांबला की काप खडबडीत होतो, पोकळी राहते, डोळा वाळून जातो. दाढीच्या पात्यानेही हे जमते, मग चाकू कशाला, असे कोणी विचारील. दोन-चार कलमांपुरते जमते, हे खरेच. पण पाते लवते, त्याला मूठ नसते, आणि साल उचलायला दुसरी वस्तू हातात घ्यावी लागते. दिवसभर ओळीने डोळे भरणाऱ्याला ते परवडत नाही. शिवाय एका रांगेतून दुसऱ्या रांगेत जाताना चाकू मिटून खिशात टाकता येतो. घडीचे सारे महत्त्व इथे आहे.

याहून वजनदार आक्षेप बागायतशास्त्राचा. याच पात्यावरून विषाणू आणि व्हायरॉइड रोगट झाडातून निरोगी रोपात जातात. त्यावर उपाय आहे: पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात बुडवायचे. मात्र त्या द्रावणाने साधे पोलाद गंजते, म्हणून नंतर धुऊन, पुसून तेलाचा हात द्यावा लागतो. कंटाळवाणे काम खरे. पण दोष इथे चाकूचा नसून आळसाचा.

राहिला कायदा. वर्तमानपत्रात नागपूरचा चाकू भेटतो तो बहुधा गुन्ह्यांच्या पानावर, हे नाकारून चालणार नाही. पण शस्त्र कायदा १९५९ चा, आणि त्याखालचे, २०१६ पर्यंत लागू असलेले १९६२ चे नियम पाहा. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू त्यांनी शस्त्रांत धरले. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली. कायदा करणाऱ्यांना भेद कळला होता. आपल्या बोलण्यातून तो निसटला. डोळे भरण्याच्या चाकूचे पाते तर बोटभरही नसते.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या फळाचे नाव राज्यभर मिरवले जाते. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. तलवारी तिथे खुशाल राहोत. पण शेंदुरजनाघाटच्या एखाद्या कलमकाराचा, मुठीला झीज आलेला चाकूही संग्रहालयाने मागून घ्यावा आणि काचेआड ठेवावा.