आधी मेडिकेअर, मग कंपनी

आपल्या मंडळातले एक काका 66व्या वर्षी निवृत्त झाले. कंपनीचा निवृत्तांसाठीचा विमा मिळाला, म्हणून मेडिकेअरचा 'पार्ट बी' घेतला नाही. दोन-दोन हप्ते कशाला? दीड वर्षाने शस्त्रक्रियेची बिलं आली. विमेवाल्यांनी कळवलं, मेडिकेअरने दिला असता तो वाटा तुमचा! तो काकांच्या खिशातून गेला.

आम्ही रसायनशास्त्रवाले आम्ल पाण्यात घालतो, पाणी आम्लात नाही. इथेही क्रमच महत्त्वाचा. निवृत्तीनंतर आधी मेडिकेअर देतं, मग कंपनीचा विमा. पासष्टीनंतर नोकरी सोडली, तर 8 महिन्यांत पार्ट बी घ्यावा. निवृत्तांचा विमा किंवा कोब्रा असला तरी मुदत थांबत नाही. ती चुकली की जानेवारी ते मार्चची वाट पाहायची, आणि उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे हप्त्यावर 10 टक्के दंड, तोही कायमचा.

काकूंना मे महिन्यात 65 पूर्ण होतील. त्यांचा अर्ज आम्ही फेब्रुवारीतच भरणार आहोत.