समुद्रतळची मुशी

पनवेलजवळ पळस्पे येथें मुंबईकडून येणारा रस्ता दुभंगतो. एक फांटा बोरघाट चढून पुण्यास जातो, दुसरा पेणवरून कोकणांत उतरतो. या कोकणच्या वाटेवर रायगडांत ज्या माशाला मुशी म्हणतात, त्यालाच मालवणाकडे मोरी म्हणतात. परंतु मुशी हें कांहीं एकाच जातीचें नांव नव्हे. लहान शार्कांच्या अनेक जाती या एका नांवानें विकल्या जातात. त्यांतली तळाशीं राहणारी एक जात म्हणजे करडी बांबू-मुशी. म्यूलर व हेन्ले या जर्मन प्राणिशास्त्रज्ञांनीं १८३८ सालीं तिला चिलोसिलियम ग्रिसियम हें शास्त्रीय नांव दिलें.

ही मुशी फार तर अडीच फूट वाढते. अंग सडपातळ, शेपूट लांब, आणि पाठीवर जवळजवळ सारख्या आकाराचे दोन पर असतात. नाकपुड्यांपाशीं दोन आंखूड मिशा असल्यामुळें तिला मांजर-शार्क समजण्याची चूक होते. मात्र खऱ्या मांजर-शार्काचें तोंड मागें डोळ्यांखालीं पोंचतें, तर हिचें तोंड सर्वस्वीं डोळ्यांच्या पुढें असतें. गणाच्या दृष्टीनें ती प्रचंड व्हेल शार्काची आप्त ठरते. मोठ्या मुशीचा रंग सरसकट करडा-तपकिरी असतो. पिलांच्या अंगावर मात्र गडद आडवे पट्टे दिसतात व ते वयाबरोबर पुसट होत जातात. त्यामुळें एकाच जातीचीं पिलें निराळ्या जातीचीं वाटतात.

मुशीच्या शरीरांत हाडें नसून कूर्चेचा सांगाडा असतो. डोळ्यामागें खालच्या बाजूस एक मोठें छिद्र असतें. त्यांतून पाणी आंत घेऊन ती कल्ल्यांवाटे सोडते. म्हणून न पोहतां तळाशीं पडून राहिली तरी तिचा श्वास चालूं राहतो. खेकडे, कोळंबी व लहान मासे हें तिचें भक्ष्य.

ती पिलांना जन्म देत नाहीं, अंडीं घालते. प्रत्येक अंडें चिवट कोशांत असतें आणि आंतलें पिलूं कित्येक आठवडे बलकावर वाढतें. हिच्याच एका भगिनी-जातीवर झालेलें संशोधन २०१३ सालीं प्रसिद्ध झालें. कोशांतल्या पिलास शत्रूसारखा विद्युत्-संकेत जाणवतांच तें श्वास रोखून स्तब्ध राहतें, असें त्यांत आढळलें.

शत्रूपासून वांचण्याची ही युक्ति तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यापुढें निरुपयोगी आहे. मोठे मासे, पिलें व कोश हीं सारीं एकाच ओढींत वर येतात. इतर अनेक मासे लाखांनीं अंडीं घालतात; मुशीचीं अंडीं मोजकीं, म्हणून झालेली तूट लवकर भरून येत नाहीं. आंतरराष्ट्रीय निसर्ग-संरक्षण संघानें या जातीस संकटग्रस्त होण्याचा धोका असलेल्या जातींत गणलें आहे.

तेव्हां जाळ्यांत पट्टेदार लहान मुशी जिवंत आली, तर ती एकदांही न व्यालेली आहे हें ओळखावें. ती, व तिच्यासोबत आलेले कोश, लगेच पाण्यांत परत सोडावेत. पुढच्या पिढीच्या ताटांत मुशीचें कालवण राहावयाचें असेल तर एवढी ओळख आवश्यक आहे.